गॅस बारीक करा हो

त्या बुधवारी ताईचा धडा आला नाही. एरवी मी अभनपूरच्या शाळेत निघण्याआधी डबा भरत असे, तेव्हाच तो फोनवर येऊन पडायचा... ताईचा आवाज, मागे कुकरच्या शिट्ट्या आणि चार मिनिटांचं साधं, सुटसुटीत इंग्रजी. मी गणिताची बाई. माझा त्या धड्याशी काडीचा संबंध नव्हता. ताईने मला तिच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्ये घातलं होतं ते निव्वळ चिडवायला. तरीही तो आला नाही म्हणून चुकल्यासारखं झालं. तेवढ्यात दामिनीचा फोन. दामिनी ताईची विद्यार्थिनी, एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. "दीदी, मॅडम का लेसन नहीं आया अभी तक. सब पूछ रहे हैं. तबीयत ठीक है ना?" मी जरा फणकाऱ्यानेच तिला सांगितलं की उठायला उशीर झाला असेल, तुमची मॅडमपण माणूसच आहे... आणि बोलता बोलताच दुसरा फोन आला. जिजाजींचा. "नंदा," ते म्हणाले, "कुसुम उठून नाही राहिली. चहा ठेवला, हाक मारली, हलवून पाह्यलं... उठूनच नाही राहिली." ताई झोपेतच गेली होती. आयुष्यभर सगळ्यांना बोलून बोलून भंडावणारी बाई अशी एक शब्द न बोलता निघून गेली, याचा मला त्या दिवशी आधी रागच आला. रडू नंतर आलं.

संध्याकाळी सगळं आटोपलं, बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या ताईच्या त्या वरच्या मजल्यावरच्या घरात जिजाजी आणि मी दोघंच उरलो असताना कॅनडातून शिल्पाचा फोन आला. शिल्पा ही ताईची एकुलती एक लेक. ती निघायच्या तयारीत होती. बोलताना मध्येच तिच्या मुलीने, मायराने, फोन मागून घेतला. मायरा सात वर्षांची. बाप तेलुगू, आई मराठी, दोघांची जुळलेली भाषा इंग्रजी, म्हणून पोरीचीही तीच. "आजोबा?" ती म्हणाली. जिजाजींनी फोन कानाला लावला, "हॅलो... गुड... गुड," म्हणाले आणि नेहमीच्या सवयीने हात डावीकडे लांब केला. तिथे ताई बसायची. वर्षानुवर्षं असंच चालायचं. नात बोलायला लागली की हे दोन वेळा 'गुड' म्हणायचे आणि फोन ताईकडे द्यायचे. मग नातीचं आजोबांना आणि आजोबांचं नातीला, सगळं ताईच सांगायची. त्या संध्याकाळी तो हात रिकाम्या खुर्चीकडे तसाच लांब राहिला. शेवटी फोन मी घेतला. पण मी त्या दोघांमध्ये किती दिवस पुरणार होते? ताईने अख्ख्या गावाला बोलतं केलं, घरातला एक माणूस तेवढा राहून गेला... ही एकच गोष्ट तिच्या मनाला लागून राहिली होती आणि त्या रात्रीपासून ती माझ्या मनाला लागली.

ताईची मूळ जात बोलणाऱ्यांची. आमचे बाबा गोंदियाकडून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले, क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. तिथे जिन्याच्या पायऱ्यांवर आम्हा पोट्ट्यांना ओळीने बसवून ताई शाळा भरवायची. शाळा म्हणजे ती बोलणार आणि आम्ही ऐकणार. पुढे तिला खरीखुरी शाळा मिळाली, हिंदी माध्यमाची, एकेका वर्गात खच्चून भरलेली पोरं. तिथे ती इंग्रजी शिकवायची ते असं की शेजारच्या वर्गातल्या इतिहासाच्या गुरुजींनाही इंग्रजी येऊ लागलं होतं म्हणे. लग्नानंतर जिजाजी बिचारे ड्युटीवर जाताना सुटल्यासारखे दिसायचे. मालगाडीचे गार्ड होते ते. मागच्या डब्यात एकटे, तासन्‌तास, कुणी बोलणारं नाही. "लोकं मले विचारतात कंटाळा येत नाही का," ते हसून म्हणायचे, "मी म्हणतो, एकदा माह्या घरी येऊन पाहा." यावर ताई त्यांना लाटणं दाखवायची आणि बोलणं चालूच ठेवायची.

निवृत्तीनंतर वर्षाच्या आत ताईचा घसा बसला आणि बसलाच. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आयुष्यभराचं बोलणं बोलून झालंय, आता जपून वापरा, नाहीतर आहे तो आवाजही जाईल. ताईला गप्प बसायला सांगणं म्हणजे काय, हे त्या डॉक्टरांना माहीत नसावं. आठवडाभर तिने खाणाखुणा केल्या, चिठ्ठ्या लिहिल्या, जिजाजींच्या अंगावर वाटाण्याच्या शेंगा फेकल्या. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की सकाळी उठल्याबरोबर घसा थोडा वेळ ताजा असतो. तेवढ्या वेळात काय बोलायचं ते बोलून घ्यावं, फोनमध्ये भरून ठेवावं, आणि ज्याला ऐकायचं त्याने आपापल्या घरी ऐकावं. गल्लीतल्या दोन पोरींना इंग्रजी बोलायला शिकायचंच होतं. झालं! बुधवारी सकाळी धडा फोनवर जाणार, पोरींनी तो घरी, बसमध्ये, भांडी घासताना, हवा तितक्या वेळा ऐकायचा, आणि रविवारी ताईच्या बैठकीत येऊन फक्त बोलायचं. ताई बोलणार नाही. ताई चहा करणार.

शिल्पाने तिकडून सांगितलं, "आई, याला फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात. शिकवणं घरी आणि घरचा अभ्यास वर्गात. मोठमोठ्या कॉलेजांत करतात असं." ताईने मान उडवली. जिजाजी म्हणाले, "म्हणजे उलटा वर्ग." तेच नाव पाऱ्यात, म्हणजे सगळ्या मोहल्ल्यात, पसरलं. पहिले काही रविवार मात्र त्या उलट्या वर्गात पंख्याशिवाय कुणाचाच आवाज नव्हता. पोरं-पोरी भिंतीला टेकून बसायची, एकमेकांकडे पाहायची, ताईकडे पाहायची. ताई स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून शांतपणे शेंगा सोलायची. एका मुलाचे वडील जिना चढून आले आणि थोडा वेळ उभे राहून म्हणाले, "मॅडम, आप पढ़ाते कब हो?" ताईने कुजबुजत्या आवाजात सांगितलं, "बुधवार को." गृहस्थ मुलाला घेऊन गेले. त्या संध्याकाळी ताईने मला फोन करून कुजबुजतच अर्धा तास आरडाओरडा केला. कुजबुजत आरडाओरडा करणारी ती एकमेव बाई मी पाहिली आहे.

कोंडी फुटली ती संतोषमुळे. संतोष उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात रोलिंग मिलमध्ये कामाला. रविवारी रात्रपाळी संपवून थेट वर्गात यायचा, भुवयांवर धूळ तशीच. घरी छत्तीसगढी बोलणारा, मराठीचा एक शब्द न कळणारा मुलगा. त्या आठवड्याचा धडा होता आपलं घर दाखवण्याचा. संतोष उठला, डोळे मिटले आणि पाठ केल्यासारखा सुरू झाला. "धिस इज माय किचन. इट इज स्मॉल, बट... गॅस बारीक करा हो... बट इट इज व्हेरी ब्राइट." कुणी हसलं नाही. उलट, पुढच्या मुलीनेही आपलं स्वयंपाकघर दाखवताना अगदी त्याच जागी, त्याच सुरात तेच म्हटलं. झालं होतं असं की धडा भरताना कुकर शिट्टीवर शिट्टी देत होता, म्हणून ताईने वाक्य अर्ध्यावर सोडून जिजाजींना आवाज दिला होता. आणि पुन्हा पहिल्यापासून बोलायला घसा नव्हता, म्हणून तो धडा तसाच पाठवला होता. पोरांनी तो इमानदारीने पाठ केला. ताई स्टुलावर लालबुंद होऊन हसत होती, आवाज फुटत नव्हता, डोळ्यांतून पाणी. आणि आतून जिजाजी झारा हातात घेऊन बाहेर आले. "केला ना बारीक! दोन-दोन वेळा काहून सांगून राहिले?" संतोषच्या सांगण्यावरून त्यांनी खरंच गॅस कमी केला होता.

अर्थ कळल्यावर पोरं पोट धरून हसली आणि त्या हसण्यात सगळ्यांची तोंडं उघडली ती कायमची. पुढे हा त्या वर्गाचा रिवाजच झाला. बोलताना कुणी अडलं की त्याने किंवा दुसऱ्या कुणी म्हणायचं, "गॅस बारीक करा." म्हणजे घाई नाही, थांबा, याचं शिजतंय. मग सगळे थांबायचे. शब्द कुणी पुरवायचा नाही, हा ताईचा एकच कडक नियम. ज्याचं वाक्य त्यानेच पुरं करायचं, वेळ लागू दे. नावं न घेता चुका ती पुढच्या बुधवारच्या धड्यात सांगायची, तेही इतक्या हळुवारपणे की चूक करणाऱ्यालाच आपली चूक ओळखू यायची.

एका रविवारी मी मुद्दाम गेले, हा चमत्कार पाहायला. ताईने कानाला बोट लावून विचारलं, धडा ऐकलास? मी म्हटलं, मी तुझी बहीण आहे. तिने गॅलरीकडे बोट दाखवलं. धडा न ऐकता येणाऱ्याने आधी गॅलरीत बसून ऐकायचा आणि मगच आत यायचं. वयाच्या पन्नाशीत मी कानात इअरफोन घालून गॅलरीत बसले, खालून जाणारे स्कूटरवाले वर बघत होते. आत आले तेव्हा धड्यातला दवाखाना चालू होता. दामिनी पेशंटची चिडलेली नातेवाईक झाली होती आणि संतोष रिसेप्शनवरचा माणूस. दामिनीची रोजची खुर्ची त्याला मिळाली होती. दामिनी रोज जे ऐकून घेते ते सगळं तिने त्या दिवशी संतोषवर काढलं. संतोष एका शब्दाला अडला. मला तो शब्द येत होता, माझी जीभ वळवळली, मी तोंड उघडलं... आणि ताईने त्यात अख्खं बिस्कीट कोंबलं. ते गिळेपर्यंत संतोषला त्याचा शब्द सापडलासुद्धा.

सगळे गेल्यावर आमचं जुंपलं. मी म्हटलं, "फळा नाही, खडू नाही, तू तोंड उघडत नाही. मंग तू करतेस तरी काय?"

"ऐकते," ती म्हणाली. "तुह्या वर्गात कोण बोलते?"

"मी."

"मंग गणित कोणाले येते?"

"मले."

"हव," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली. फळा मात्र मी अजून सोडलेला नाही, हेही सांगून ठेवते.

त्या वर्गातल्या चहाबद्दल लिहिलं नाही तर पाप लागेल. घरात एरवी स्वयंपाक जिजाजींचा. पण रविवारचा चहा ताईच करणार, तिचा हट्ट. आणि तो चहा भयंकर असायचा. कधी साखर दोनदा पडलेली, कधी एकदाही नाही, कधी पावडर टाकायचीच राहून गेलेली. कारण तिचं सगळं ध्यान बाहेरच्या बोलण्याकडे. कोण कुठे अडलं, कोण आज पहिल्यांदा मोठ्याने बोललं, ते ऐकता ऐकता दूध उतू जायचं. पोरं तो चहा चूपचाप प्यायची. जिजाजीही प्यायचे, शेवटच्या घोटापर्यंत. मी एकदा बेसिनमध्ये ओतला तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा हिंमत झाली नाही.

वर्ग संपत आला की मायराचा व्हिडिओ कॉल यायचा. आपल्याकडे रविवारची सकाळ, तिकडे शनिवारची संध्याकाळ. ताई फोन भिंतीला टेकवून सगळ्यांच्या मध्ये ठेवायची. पोरं मायराशी इंग्रजीत गप्पा मारायची आणि बदल्यात मायराने एक वाक्य मराठीत बोलायचं, असा सौदा होता. मायरा दुसऱ्याच शब्दाला अडायची आणि मग ठसक्यात म्हणायची, "गॅस बारीक करा!" एवढं एक मराठी तिला अडखळल्याशिवाय यायचं. जिजाजी स्वयंपाकघराच्या दारात खांद्यावर पंचा टाकून उभे राहून सगळं ऐकायचे. वर्गाचं ऐकून ऐकून आता बरंचसं कळायचं, नात हसली की हे हसायचे. ताई डोळ्यांनी बोलवायची, या ना, एक वाक्य. ते मान हलवून आत पळायचे. "मले नाही जमत. तू आहे ना बोलाले," एवढंच त्यांचं उत्तर. ताई मला म्हणायची, "बाकी कोणी बोललं नाही तरी चालते नंदा, पण या माणसाचं एक वाक्य मले ऐकाचं आहे." ते ऐकायचं राहिलं.

ती गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी सकाळी बुढापाऱ्यात पोचले. पोरं येतील, रडतील, कुणीतरी दोन शब्द बोलायला हवेत असं मनात होतं. पर्समध्ये खडू होता, खोटं कशाला सांगू. जिन्यात चपला दिसल्या. आत सगळे भिंतीला टेकून बसलेले. एक नवीन मुलगा धडा न ऐकता आला होता, तो आपणहून गॅलरीत जाऊन बसला होता. नवा धडा नव्हताच; दामिनीने ग्रुपवर शोधून एक जुना पुन्हा पाठवला होता. मग संतोष उठला आणि त्याने मॅडमबद्दल बोलायला सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला त्याचा आवाज अडला, या वेळी शब्दासाठी नव्हे. दामिनी म्हणाली, "गॅस बारीक करा." सगळे थांबले. मीही थांबले. तो बोलला, मग दामिनी बोलली, मग एकेक जण. कुणी ताईच्या चहाची नक्कल केली, कुणी बिस्किटाची गोष्ट सांगितली आणि बघता बघता त्या खोलीत हसू फुटलं. कुणी शिकवत नव्हतं आणि वर्ग चालू होता. जिजाजी आतून ट्रे घेऊन आले. चहा उत्तम झाला होता आणि तो पिताना प्रत्येकाचा चेहरा पडला.

तिकीट मिळून शिल्पा त्यानंतर आली, ताईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, ती वडिलांना घेऊन जायचं म्हणत होती, ते नाही म्हणाले, ती परत गेली. त्यानंतरच्या रविवारी वर्ग संपत आला आणि फोन वाजला. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दामिनीने फोन उचलला, चालू केला, पण भिंतीला टेकवला नाही. सरळ उठून चहाचा ट्रे जिजाजींच्या हातातून काढून घेतला आणि त्या हातात फोन दिला. जिजाजी बावरले. "हॅलो... गुड... गुड," म्हणाले, आणि हात डावीकडे गेला. डावीकडे मी होते. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. फोनमधून मायरा त्यांच्याकडे बघत होती.

"आय..." जिजाजी म्हणाले आणि थांबले. मला वाटलं, आता फोन ठेवतील.

"आजोबा," मायरा म्हणाली, "गॅस बारीक करा."

सगळे थांबले. खाली स्कूटर गेली, कुठेतरी भाजीवाला ओरडला. "आय मेक टी," जिजाजी म्हणाले. "नाऊ. एव्हरी संडे."

"इज इट बेटर दॅन आजीज टी?" मायराने विचारलं.

जिजाजींनी वर्गाकडे पाहिलं. वर्गाने कपात पाहिलं. "आजी टी," ते एकेक शब्द तोलून म्हणाले, "व्हेरी बॅड." खोलीत असा हशा उसळला की संतोषच्या हातातला कप सांडला. मायरा तिकडे खिदळत होती. पण जिजाजींचं झालं नव्हतं. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, कारण वाक्य ज्याचं त्यानेच पुरं करायचं असतं. "बट आय ड्रिंक," ते म्हणाले. "ऑल लाइफ, आय ड्रिंक."

मला ताईची त्या क्षणी इतकी आठवण आली की मी गॅलरीत निघून गेले. आत ते दोघं बोलत होते. चहात आलं किती घालायचं हे ते तिला सांगत होते आणि 'आलं' या शब्दाला अडून सगळा वर्ग थांबला होता.

आता बुधवारचे धडे जिजाजी पाठवतात. फोनमध्ये ताईचे इतके धडे भरलेले आहेत की बरीच वर्षं पुरतील. सकाळी उठून ते एक निवडतात, आधी स्वतः पूर्ण ऐकतात आणि मग ग्रुपवर टाकतात. मागच्या आठवड्यात शाळेला सुट्टी होती म्हणून मी मंगळवारीच मुक्कामाला गेले होते. सकाळी दोघं स्वयंपाकघरात बसलो होतो, चहा पिऊन झाला होता, जिजाजींनी घराचा तो धडा लावला. ताईचा सकाळचा ताजा आवाज, मागे शिट्ट्या... "धिस इज माय किचन. इट इज स्मॉल, बट... गॅस बारीक करा हो..."

जिजाजी ताडकन उठले, शेगडीपाशी गेले, बटणाला हात लावला. मग फोनकडे वळून म्हणाले, "बंदच आहे वो, कुसुम." आणि परत येऊन उरलेला धडा ऐकत बसले.